आधी माझं ताट

वजन वाढत असतं तेव्हा कुणी चकार शब्द काढत नाही. उलट हळदीकुंकवाला "अंग छान भरलंय हो तुझं, सुखात दिसतेस," असं कौतुकच होतं. पण "मी वजन कमी करायचं म्हणते" एवढं वाक्य तोंडून निघायचा अवकाश, साऱ्या गावाला कंठ फुटतो. शेजारच्या वहिनी मधपाणी सांगतात, जाऊबाई फोनवरून मेथ्यांचं पाणी सांगतात, लेक पुण्याहून क्विनोआ आणि ओट्सचा तक्ता पाठवते आणि आमची भाजीवाली गवार पिशवीत ओतता ओतता म्हणते, "ताई, रातच्याला जेवायचंच न्हाई बघा. महिन्यात लाकडावानी हुतंय मानूस."

मला काही लाकूड व्हायचं नव्हतं. त्रेपन्नाव्या वर्षी सडपातळ बांधा हवा, अशी हौसही नव्हती. पाचवारी साडी ही मोठी दयाळू वस्तू आहे. ती सगळं पोटात घेते. माझं कारण निराळं होतं.

२०२४ च्या डिसेंबरात गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वजन पाहिलं, ७१ किलो. उंची पाच फूट एक इंच. आणि सहज म्हणून रक्त तपासून घ्यायला सांगितलं. रिपोर्ट आला त्यात एचबीए१सी ६.२. गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात साखर सरासरी किती राहिली, ते हा आकडा सांगतो. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा त्यावर गेला तर मधुमेह, आणि मधला तो उंबरठा. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही उंबरठ्यावर उभ्या आहात. आत जायचं की मागं फिरायचं, हे अजून बरंचसं तुमच्या हातात आहे."

आता हे ऐकून दुसरी एखादी "बघू सणवार झाले की" म्हणाली असती. मला तसं म्हणता येईना. माझ्या आईला मधुमेह होता. तिच्या शेवटच्या सहा वर्षांत तिच्या पायाची मलमपट्टी मी केली आहे. आधी उजव्या पायाची करंगळी गेली, मग शेजारचं बोट. तीस वर्षं फळ्यापुढं उभं राहून शिकवलेली ती बाई शेवटी न्हाणीघरापर्यंत जायला माझ्या खांद्यावर हात टाकायची, आणि दर वेळी म्हणायची, "तुझ्यावर ही वेळ नको गं यायला." रिपोर्टचा तो कागद हातात घेतला तेव्हा मला तिचाच आवाज ऐकू आला.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून देते. पहिली, आपल्याकडच्या माणसांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून आपली मापं वेगळी आहेत. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. पाश्चात्त्य देशांत हा आकडा २५ पर्यंत चालतो. आपल्याकडे २३ च्या पुढं वजन जास्त आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात. माझा साडेएकोणतीस निघाला. त्याहून सोपं माप कंबरेचं. शिवणकामाची टेप घ्यावी आणि शेवटची बरगडी व कंबरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता मोजावं. बाईचं माप ८० सेंटिमीटरच्या आत हवं. माझं ९४ भरलं.

दुसरी गोष्ट जास्त धीराची होती. "तुम्हाला वीस किलो कमी करायला कोण सांगतंय? वजनाच्या सात टक्के, म्हणजे पाच किलो उतरवा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चाला." असं उद्दिष्ट ठेवून अमेरिकेत उंबरठ्यावरच्या माणसांवर मोठा प्रयोग झाला. २००२ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्यांनी आहार आणि चालणं सांभाळलं त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. चेन्नईच्या डॉक्टरांनी आपल्या लोकांवर तसाच अभ्यास केला आणि २००६ साली प्रसिद्ध केला. आपल्याकडे फायदा साडेअठ्ठावीस टक्के दिसला. अमेरिकेपेक्षा कमी, पण आईचे पाय पाहिलेल्या बाईला तोही थोडा वाटत नाही.

तर पाच किलो. मोहरीच्या पाच पिशव्या. एवढं जमायला हरकत नाही, असं म्हणून मी कामाला लागले.

पण लागायचं कसं? आपल्या महाराष्ट्रात याबाबत दोन मोठी घराणी आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर यांनी २००९ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात सांगितलं, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. आमच्या भिशीत निम्म्या बायका पहिल्या घराण्याच्या, निम्म्या दुसऱ्या. दोन्हीकडच्या काहींचं वजन उतरलं आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला प्रश्न पडला तो वेगळाच. दोनदा खायचं की सातदा, हे ठरवण्याआधी मी मुळात किती वेळा आणि काय खाते, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

म्हणून एक दोनशे पानी वही आणली. पंधरा दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. वाटी, चमचा, पळी अशा आपल्या मापांत. जे तोंडात जाईल ते त्याच क्षणी वहीत. पेन्सिल दोऱ्यानं फडताळाच्या कडीला बांधून ठेवली.

पंधरा दिवसांनी वही उघडून बसले. माझी जेवणं पाहिली तर त्यात आक्षेप घ्यावा असं काही नव्हतं. दुपारी तीन पोळ्या, भाजी, आमटी, थोडा भात. रात्रीही तेच, जरा कमी. पण दोन जेवणांच्या मधल्या ओळी वाचू लागले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचल्या. चिरंजीवांच्या डब्यातून परत आलेली दीड पोळी. दुधाच्या पातेल्याच्या कडेची साय. काल रात्रीचा वाटीभर भात, दही घालून, ओट्याशी उभ्यानं. कढईला लागलेला शिरा. सासूबाईंना जास्त झालेली अर्धी भाकरी. पाहुण्यांनी बशीत ठेवलेली चकली. "एवढ्याशासाठी कुठं वाटी अडकवायची" म्हणून संपवलेली उसळ.

यातलं काहीही मी भूक लागली म्हणून खाल्लं नव्हतं. चव हवीशी वाटली म्हणूनही नाही. हिशेब केला तर रोजच्या सुमारे चारशे कॅलरी अशा निघाल्या, की ज्या कुठल्याच जेवणात धरलेल्या नव्हत्या. अर्धा तास भरभर चाललं तर माझ्या वजनाच्या बाईच्या सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे घरातलं उरलंसुरलं जिरवायला मला रोज दीड तास चालावं लागणार होतं!

मैत्रिणींनो, तुम्हीही अशी वही लिहून बघा. घरात फ्रीज असतो, डबे असतात, पण उरलेलं ठेवायची खरी जागा म्हणजे घरातल्या बाईचं पोट. तिथं ठेवलेलं कधी नासत नाही, कुणाला दिसत नाही, आणि "अन्न टाकलं" असा बोलही लागत नाही. आपल्या आयांनी हे केलं, सासवांनी केलं. त्याला काटकसर म्हणतात आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण काटकसर साऱ्या घराची आणि कंबर एकटीची, हा कुठला न्याय?

तेव्हा माझ्या योजनेचं पहिलं कलम ठरलं: आधी माझं ताट. आधी जेवायचं नाही, आधी वाढून ठेवायचं. सगळ्यांची पानं घेताना माझंही ताट एकदाच, पूर्ण वाढायचं आणि झाकून ठेवायचं. दोन पोळ्या किंवा शाळूची एक भाकरी, भाजी नेहमीच्या दुप्पट, वाटीभर दाट आमटी किंवा उसळ, कोशिंबीर, ताक, आणि भात अर्धी वाटी. जे ताटात आहे ते माझं. जे ताटाबाहेर आहे ते माझं नाही.

सांगायला सोपं आहे. पहिल्या रात्री ताट वाढून झाकलं, तेव्हा सासूबाईंनी एकदा ताटाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं जेवल्या. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री म्हणाल्या, "घरातल्या बाईनं आधी स्वतःचं वाढून घेतलं की घराची बरकत जाते म्हणतात."

हे वर्तमानपत्रात शिरले. चिरंजीव फोनमध्ये शिरले. मी म्हटलं, "आई, जेवते मी सगळ्यांच्या मागूनच. फक्त वाढून ठेवते. किती खायचं ते मला आधी कळायला हवं, डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांचं नाव निघाल्यावर त्या गप्प झाल्या, पण पटलं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस त्या आपल्या पानातली अर्धी भाकरी "मला जड होतेय" म्हणून माझ्याकडं सरकवायच्या, आणि मी ती तशीच डब्यात ठेवायची. ती सरकवलेली भाकरी परत ठेवताना माझा जीव खालीवर व्हायचा, हेही सांगते. ती त्यांची माया होती. पण मायेलाही कॅलरी असतात, त्याला काय करणार?

दुसरं कलम: उरलेलं सगळ्यांचं. संध्याकाळी कणीक भिजवायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं, किती पोळ्या? सांगितल्या तेवढ्याच करायच्या. तरी उरल्या तर सकाळी फोडणीची पोळी, सगळ्यांना, सारखी. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात, सगळ्यांना. उरलेल्या आमटीत पीठ घालून थालिपीठं, सगळ्यांना. पहिल्या आठवड्यात चार दिवस फोडणीची पोळी झाली. पाचव्या दिवशी चिरंजीव कुरकुरले, "आई, रोज काय गं हेच?" म्हटलं, "तू काल सहा सांगितल्यास आणि चार खाल्ल्यास. त्या दोन या." त्या दिवसापासून साहेब कुपवाडच्या कारखान्यातून निघताना फोन करतात, "आज मित्राबरोबर वडापाव झालाय, माझ्या दोनच." महिन्याभरात आमच्या घरात पोळी उरायची जवळजवळ बंद झाली. कणकेचा डबाही जास्त दिवस पुरायला लागला, तो वेगळाच फायदा.

तिसरं कलम तेलाचं. त्याचा हिशेब प्रत्येकीनं आपल्या घरापुरता जरूर करावा, दोन मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे माणसं चार आणि महिन्याला पाच लिटरचा डबा. म्हणजे माणशी रोज सुमारे ४२ मिलिलिटर, वजनात ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. त्यातल्या दोन हजार कॅलरींच्या ताटात दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. त्या हिशेबानं चौघांना महिन्याला साडेतीन लिटर पुरायला हवं, आणि त्यातच तूपही आलं. मी फोडणीची पळी काढून चहाचा चमचा ठेवला. एका चमच्यात पाच ग्रॅम तेल, म्हणजे ४५ कॅलरी. वांग्याची भाजी आधी वाफवून मग फोडणी दिली तर निम्म्या तेलात होते आणि दाण्याच्या कुटानं चव राखते. कूटही मात्र मोजूनच, कारण दाणे पौष्टिक असले तरी त्यात निम्मं तेलच असतं. साखरेचंही तसंच. माझे तीन चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ३० ग्रॅम. दिवसभराची मर्यादा २५ ग्रॅमची! आता दोन चहा, अर्धा-अर्धा चमचा. पहिले आठ दिवस चहा औषधासारखा लागला. आता पूर्वीसारखा चहा कुणी दिला तर तोंड गोडमिट्ट होतं.

काय कमी केलं ते सांगितलं. काय वाढवलं तेही सांगते, कारण नुसतं कमी करत गेलं की चार दिवसांत माणूस चिडचिडा होतो आणि पाचव्या दिवशी डब्यातला लाडू शोधतो. आपल्या ताटात पोळी-भाताला तोटा नसतो. कमी असतात ती प्रथिनं. पन्नाशीनंतर बाईचे स्नायू आपोआप झिजतात. त्यात उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि गुडघे जास्तच बोलायला लागतात. किलोमागे साधारण पाऊण ते एक ग्रॅम प्रथिनं रोज हवीत, म्हणजे मला पन्नास-साठ ग्रॅम. पातळ वरणानं ती कशी भरायची? म्हणून दाट आमटी, मोड आलेली मटकी किंवा हुलगे, एक पेला दूध, वाटीभर घरचं दही आणि एक दिवसाआड अंडं. सासूबाईंच्या समोर नाही, तेवढी मर्यादा ठेवली. क्विनोआ लागला नाही. शाळू, बाजरी, नाचणी आपल्या दुकानात आहे की! मात्र भाकरी खाल्ली म्हणजे वजन उतरलं, असं समजू नका. ज्वारी आणि गहू वजनाला वजन घेतले तर कॅलरीत फारसा फरक नाही. भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि एकीत पोट भरतं, हा तिचा गुण.

आता चालण्याचं. पुस्तकात लिहितात, "सकाळी अर्धा तास स्वतःसाठी काढा." लिहिणाऱ्याच्या घरी नळाला पाणी चोवीस तास येत असावं. आमच्याकडे पाणी सकाळी सहाला, डबा सव्वाआठला आणि सासूबाईंचा चहा साडेसहाला. यातला अर्धा तास काढायचा कुठून? हे नुकतेच निवृत्त झालेत. म्हटलं, "अहो, पाणी आणि आईंचा चहा तुमच्याकडे." पहिले दोन दिवस चहात आलं की गवती चहा, गॅस मोठा की बारीक, असे आमराईत माझ्या फोनवर प्रश्न येत होते. तिसऱ्या दिवसापासून मी फोन घरीच ठेवला. चहा होत राहिला.

सांगलीकरांना आमराई सांगायला नको. सकाळी झाडांखाली निम्मं गाव फिरत असतं. मी पंधरा मिनिटांपासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवली. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगानं चालायचं, ही खूण. आठवड्यातले पाच दिवस पस्तीस मिनिटं झाली की दीडशेचा आकडा पार होतो. शिवाय आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा, ओट्याला धरून टाचा उचलायच्या, भिंतीला हात टेकून दंड काढायचे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे दाखवून दिलं होतं. गुडघे जरा बरे वाटायला लागल्यावर त्यांच्याच परवानगीनं सकाळी तीन सूर्यनमस्कार सुरू केले.

आणि इथं एक गंमत झाली. मी सतरंजीवर वाकलेली असताना सासूबाई दारातून म्हणाल्या, "गुडघा आधी टेकव. आमचे बाबा असे नाही घालायचे." त्यांचं माहेर आटपाडीकडचं. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. संस्थानातल्या शाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केलेले. सासूबाईंचे वडील शाळेत शिकलेले नमस्कार म्हातारपणापर्यंत अंगणात घालत. एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई खुर्चीत बसून मला शिकवू लागल्या. वाकणं त्यांना शक्य नव्हतं, पण खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम त्या हळूच माझ्याबरोबर करू लागल्या. पहिल्यांदा दोनदा, मग पाचदा.

मग सणवार आले. आपली खरी परीक्षा तिथंच असते, कारण आपलं पंचांग हे निम्मं पाकशास्त्रच आहे. संक्रांतीला गूळपोळी, होळीला पुरणपोळी, मेमध्ये आमरस. मी काही वर्ज्य केलं नाही. ताटाचा नियम तेवढा मोडला नाही. पुरणपोळी एक, वर चमचाभर तूप, कटाची आमटी वाटीभर, आणि त्या दिवशी साधी पोळी व भात नाही. आमरस छोटी वाटी, त्या दिवशी एक पोळी कमी. घरात गोड झालं आणि आपण चेहरा पाडून काकडी खात बसलो, तर घरच्यांचा घास कडू होतो, आणि रात्री डबा उघडतो तो वेगळाच.

जास्त अवघड निघाले ते उपास. उपासाच्या दिवशी वजन वाढतं, हे विधान विनोदी वाटेल, पण वही खोटं बोलत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावापुरती. त्यात बटाटा, त्यात तूप. आषाढी एकादशीला मी वरईचा भात अर्धी वाटी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दही आणि उकडलेलं रताळं असा बेत केला. खिचडीही केली, हे आणि चिरंजीव यांच्यासाठी.

त्याच दिवशी दुपारी सासूबाई आणि मी दोघीच होतो. वरई खाता खाता त्या एकदम म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले ना, त्रेसष्ट साली, तेव्हा घरात अठरा माणसं. पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग बायकांची. सुनांना शेवटी. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पुरणपोळ्या पुरल्या नाहीत. मला तेव्हा आठवा महिना. पातेल्याच्या तळचा कट होता, तो वाटीत घेऊन प्याले आणि सगळी भांडी घासली. कुणी विचारलं नाही जेवलीस का. विचारायची पद्धतच नव्हती." थोड्या वेळानं म्हणाल्या, "कुणी वाईट नव्हतं गं. आमच्या सासूबाईंनाही कुणी विचारलं नव्हतं."

मी काय बोलणार? त्यांच्या वाटीत दही वाढलं.

त्यांची पिढी शेवटी बसली म्हणून उपाशी राहिली आणि माझी शेवटी बसली म्हणून जाड झाली. घरात अन्न कमी होतं तेव्हाही आणि भरपूर झालं तेव्हाही, बाईच्या वाट्याचं माप कुणी केलं नव्हतं. त्या दिवशी रात्री मी पानं घेत होते, तर आतून आवाज आला, "तुझं ताट वाढलंस का गं आधी?" आता रोज विचारतात. त्यांचं आणि माझं अशी दोन ताटं मी आधी वाढते.

आकडे सांगायचेच तर, आठ महिन्यांत म्हणजे २०२५ च्या ऑगस्टपर्यंत वजन ७१ चं ६५.४ झालं. कंबर ९४ ची ८६. एचबीए१सी ५.८. अजून उंबरठ्यावरच आहे, पण आतल्या बाजूनं बाहेरच्या बाजूला आले आहे. मार्च-एप्रिलमध्ये काटा पाच आठवडे एका जागी अडून बसला होता, तेव्हा कंबरेची टेप मात्र हलत होती. म्हणून दोन्ही मोजा, आणि वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी. रोज काट्यावर चढलं की रोजचा मूड काट्याच्या ताब्यात जातो. माझ्याबरोबर विनासायास यांचंही चार किलो उतरलं. पुरुषांचं लवकर उतरतं. त्याबद्दल काही बोलत नाही.

दोन सूचना सांगते. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका. साखर एकदम उतरून चक्कर येते. आणि वजन उतरवायची नवी इंजेक्शनं २०२५ पासून आपल्या बाजारातही मिळू लागली आहेत. काहींना ती खरोखर लागतात, पण ती डॉक्टरांनी तपासून द्यायची, भिशीतल्या मैत्रिणीनं नाही.

बाकी तुमची योजना तुमच्या घरासारखी करा. कुणाकडे पाणी पहाटे चारला येतं, कुणाची नोकरी रात्रपाळीची, कुणाचं बाळ लहान. तक्ता दुसरीचा घेऊन चालत नाही. एक वही आणा, पंधरा दिवस खरंखुरं लिहा, मग काय कमी करायचं ते वहीच सांगेल. आणि आज रात्री पानं घेताना, भात निवायच्या आत, स्वतःचं ताट वाढून वर झाकण ठेवा. घरातलं कुणीतरी काहीतरी म्हणेल. म्हणू द्यावं. चार दिवसांनी तेच विचारतील, "तुझं वाढलंस का?"